जावेला दिलेला शाफ्ट

अर्धी चिलापी मासळी साफ झाली होती, अर्धी राखेत घोळून परातीत पडली होती, तेवढ्यात ओट्यावरचा फोन थरथरायला लागला. जरिनाचे दोन्ही हात खवल्यांनी माखलेले. तिने करंगळीने फोन दाबला आणि मान वाकडी करून कान लावला.

"सलाम भाभी. आमची गाडी बसली वो."

बारामतीहून साजिया बोलत होती, जरिनाची धाकटी जाऊ.

"कुठली गाडी?" जरिनाने विचारलं. बारामतीच्या घरी गाडी एकच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी विचारलं.

"कुठली म्हंजी? पांढरी. अँबॅसिडर. रविवारचं बुकिंग हाय, पळसदेवला पान्याकडंला नवरा-नवरीचं फोटो काढायचंत. आन् परवेज मिस्त्री म्हनतो, आतला कॅमशाफ्ट घासून सपाट झालाय, बाजारात नवा मिळायचा न्हाय. मग मोठ्या भाईंना फोन केला. ते म्हनलं, घरी एक चांगला हाय, भाभीकडनं घिऊन जा."

"ते म्हनलं?"

"व्हय की! इचार बी केला न्हाय, लगीच म्हनलं. मी दुपारच्या एसटीनं येतीया."

फोन ठेवून जरिना परत पाटावर बसली, पण विळी तिने काही ओढली नाही. मांजर येऊन परातीला तोंड लावून गेलं, तेही तिला दिसलं नाही.

जरिना मूळची बावड्याची. भिगवणला इमाम मिस्त्रीच्या घरी लग्न होऊन आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, वऱ्हाडाच्या मध्ये, मांडीवर आहेराची पातेली घेऊन. तेव्हा घरात गाडी नव्हती. पुढे सासऱ्यांचा जम बसला. भिगवण स्टेशनावर उतरणाऱ्या माणसांना बारामती, इंदापूरला सोडणाऱ्या दोन अँबॅसिडर दारात आल्या. आणि मग धाकट्या शहबाजचं लग्न झालं. साजिया आली ती त्यातल्याच पांढऱ्या गाडीतून, मोगऱ्याच्या सरी सोडलेल्या काचेआड बसून. दारात आरसा, तांदूळ, खारीक घेऊन उभी होती जरिनाच. नव्या नवरीने गाडीतून उतरताना दार आपटलं, तर सासरे म्हणाले होते, "हळू गं बेटी, तुजीच हाय." त्या सासऱ्यांनी जरिनाला कधी ट्रॉली तुझी आहे म्हटलं नव्हतं.

पण ते जाऊ दे. खरं शल्य वाटणीचं होतं.

वाटणी झाली तेव्हा दोनपैकी एक गाडी धावत होती आणि दुसरी पडून होती. सासऱ्यांनी धावती शहबाजला दिली. इमामच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू मिस्त्री मानूस. तुला मोडकी दिली तर तू नीट करशील. त्याला दिली तर भंगारात जाईल." आणि इमाम हसला. त्याला तो मान वाटला. जरिनाला मात्र त्या दिवशी कळलं, की ज्याच्या हातात कसब असतं त्याच्या वाट्याला जग मोडकंच देतं, वर त्याने हसूनही दाखवायचं असतं.

ती मोडकी गाडी तेव्हापासून लिंबाखाली उभी. लोकांच्या गाड्या नीट करता करता घरच्या गाडीला इमामला वेळ मिळाला नाही. मग सांधेदुखीने बोटं सुजायला लागली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. शेजारच्या सिंधुबाई येता-जाता विचारायच्या, "जरिना, आज किती प्याशिंजरं उतरली?"

आणि बारामतीच्या पांढऱ्या गाडीला आता सोन्याचे दिवस आले होते. लग्नाआधी जुन्या गाडीपुढे फोटो काढायची नवी टूम निघाली होती. उजनीच्या पाण्याकडेला, उसाच्या रानात, देवळाच्या पायरीशी, जिथे तिथे साजियाची गाडी. रोज मोबाइलवर तिचे फोटो यायचे. जरिना ते बघायची, खाली "माशाअल्ला" लिहायची आणि मोबाइल पालथा ठेवायची.

एकच गोष्ट तिने मनात धरली होती. लेकीची, सिमरनची, रुखसत, म्हणजे सासरी पाठवणी, बापाच्या गाडीतून व्हायची. सिमरनचं इंदापूरला ठरलं होतं, लग्न ईदनंतर. इमामने कबूल केलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने एक चांगला कॅमशाफ्ट शोधून आणला होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला लांब लोखंडी दांडा. त्याच्या अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे व्हॉल्व उघडतात, मिटतात, आणि इंजिन श्वास घेतं. तो नसेल तर बाकी सगळं असूनही गाडी म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. इमामने त्याला लाल नाडा बांधून कोठीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवला होता. शाफ्ट आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून टांगायचा.

आणि तोच त्याने फोनवरून भावाला देऊन टाकला होता.

साजिया आली ती जांभळा ड्रेस, खांद्याला साखळीची पर्स आणि हातात बारामतीच्या दुकानातला मिठाईचा पुडा घेऊन. उंबऱ्यातच नाकाला ओढणी लावली.

"इश्श, चिलापी व्हय! मला तर वास बी सोसत न्हाय आता."

"लगीन झालं तवा तर काटं बी चावून खायचीस," जरिना म्हणाली.

"तवाचं दात येगळं व्हतं भाभी." साजिया हसून कॉटवर बसली आणि तिने मोबाइल काढला. "हे बगा. गेल्या आठवड्यातलं. नवरी बॉनेटवर बसलीया."

"बॉनेटवर? अब्बांची गाडी हाय ती. ते कुनाला टेकू बी देत नव्हतं."

"अवं, तसं बसल्याबिगर फोटूच येत न्हाय. आन् खाली चादर घातलीया की." मग ती जवळ सरकली, आवाज मऊ केला. "आन् भाभी, एक सांगू? सिमरनच्या रुखसतीची फिकीर करू नगा. आमीच पोचवू तिला इंदापूरला, आमच्या गाडीतनं. फुलं बी आमची. तुमची गाडी काय आता निघायची न्हाय, उगं कोंबड्यांना कशाला बेघर करायचं?"

तिने हे प्रेमाने म्हटलं की टोचून, ते तिचं तिला माहीत. जरिनाला मात्र ते फोडणीच्या तेलासारखं अंगावर उडालं. चहाचं आधण उतू जात होतं. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "बस. शाफ्ट आनती."

कोठीच्या खोलीत खिळ्याला दोन शाफ्ट टांगलेले होते. एक लाल नाड्याचा. दुसरा विलायती, पुण्यातल्या एका हौशी शेठजींच्या गाडीतून निघालेला. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. लांबी तीच, जाडी तीच, बसायच्या जागा त्याच. एक काढून दुसरा घाला, अगदी सख्ख्या भावासारखा बसतो. इमामने एकदा तसा एका गिऱ्हाइकाच्या अँबॅसिडरमध्ये बसवलाही होता. गाडी एका चावीत सुरू झाली, ऐटीत वेशीपर्यंत गेली आणि तिथे मेली. कारण आपल्याकडच्या शाफ्टावर एक उंचवटा जास्तीचा असतो, तो पेट्रोलचा पंप हलवतो. विलायती गाडीला पंप विजेचा, म्हणून त्या शाफ्टावर तो उंचवटाच नाही. कार्ब्युरेटरमध्ये असतं तेवढं पेट्रोल संपेतो गाडी धावते, मग पंप काही ओढत नाही. त्या दिवशी टपरीवरचे लोक ओरडले होते, "इमामभाई, बैल जोडू का?" नवऱ्याचा तो पडलेला चेहरा जरिना विसरली नव्हती, आणि त्यामागचं कारणही.

तिने हात वर केला. लाल नाड्याला बोट लागलं. मग बोट बाजूला सरकलं.

जरिना सुईत दोरा ओवतानाही बिस्मिल्ला म्हणणारी बाई. पीठ मळताना, कुलूप लावताना, कोंबडीला दाणे टाकताना, तिच्या ओठावर ते असायचंच. विलायती शाफ्ट खिळ्यावरून उतरवताना तिने तोंड उघडलं, पण शब्द येईना. तिने तो तसाच वर्तमानपत्रात गुंडाळला.

"जड हाय गं," साजियाने तो दोन्ही हातांवर घेतला. "बाळंतिनीनं तान्हं घ्यावं तसं वाटतंय. कंडक्टरनं अर्दं तिकीट मागितलं म्हंजी?"

"दे की मग. तुला काय कमी हाय?"

साजिया हसत गेली. जरिना परातीशी येऊन बसली. तोवर चिलापीची राख वाळून घट्ट झाली होती.

संध्याकाळी इमाम पळसदेवहून आला. मासेमारीच्या होडीचं इंजिन नीट करायला गेला होता. हातपाय धुताना म्हणाला, "दिला का?"

"शाफ्ट मागितला, शाफ्ट दिला."

त्याने पंच्याला हात पुसले. "सिमरनसाठी ठिवला व्हता. पन भाऊ हाय. त्यानं मागितलं तर न्हाय कसं म्हनायचं? तिच्या लग्नापतूर दुसरा बगू कुटं घावला तर."

जरिनाच्या ओठावर आलं होतं, की अवं, तो हितंच हाय. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तिने त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला.

त्यानंतर तिची नमाज काही नमाज राहिली नाही. सजद्यात डोकं टेकलं की डोळ्यांपुढे पांढरी गाडी यायची, भर चौकात उभी, मागे हॉर्नची रांग, आणि साजिया जांभळ्या ड्रेसमध्ये धक्का मारतेय. तिला ते चित्र गोड लागायचं, आणि गोड लागतं म्हणून भीती वाटायची. अल्लाकडे कुणाचं वाईट मागायची तिची हिंमत नव्हती, आणि चांगलं मागायला मन तयार नव्हतं. म्हणून दुवेला हात उचलून ती नुसतीच तळव्यांकडे बघत बसायची. सिमरनने एकदा विचारलं, "अम्मी, एवढं काय मागतीस गं?" तर म्हणाली, "तुज्यासाठीच." ते तसं खोटंही नव्हतं.

बारामतीहून फोन आला नाही. तिनेही केला नाही. आज ना उद्या येईल, रडत येईल, मग आपण म्हणू, अगं बाई, चुकून गेला वाटतं, हा घे दुसरा. नाहीतर तेही म्हणायचं नाही. ते अजून तिचं ठरत नव्हतं.

रविवारी दुपार कलली आणि हायवेच्या बाजूने आवाज आला. नुसत्या इंजिनाचा नाही, भरदार, छातीतून निघणारा. सिंधुबाई पापड उलटायचं सोडून उठल्या. गल्लीत वळून पांढरी अँबॅसिडर दारात थांबली. थांबल्या जागी जरा लंगडत होती, धडधड करत होती, पण शहबाजने पाय दाबला तेव्हा अशी गुरगुरली की लिंबावरचे पक्षी उडाले. पुढच्या सीटवर साजिया.

"भाभी!" ती दार उघडून धावतच आली आणि जरिनाच्या गळ्यातच पडली. "तुमचा शाफ्ट म्हंजी जादू हाय वो! अवं, काल तर बंदच पडली. टेस्टिंगला काढली, आन् सिनेमा थेटरापुढं गप. मी तर रडायलाच लागली. मग परवेजनं उघडून बगितलं. म्हनला, ह्या शाफ्टाला पंपाचा उंचवटाच न्हाय, ह्यो एकाच घरातल्या दुसऱ्या इंजिनाचा हाय, विलायती. मग त्यानं विजेचा पंप बसवला, झालं! आन् आता बगा!"

"भाई," शहबाज खिडकीतून ओरडला, "चौथ्यात टाकली की नुसता वाघ! अब्बांच्या टायमाला बी अशी पळाली न्हाय. हे तुमी मुद्दाम दिलं ना? मला म्हाईत हाय, तुमचं डोस्कं."

इमाम ओसरीवर उभा होता. मान एका अंगाला कलती करून तो आवाज ऐकत होता. डॉक्टर नाडी बघतो तसा. मग त्याने वळून जरिनाकडे बघितलं. फार वेळ नाही.

"घरातनं दिलं, म्हंजी दिलं," तो म्हणाला.

चहा करायला जरिना आत आली तर साजिया मागोमाग. कपबशा पुसत, खाली बघत म्हणाली, "परवेज म्हनत व्हता, देनाऱ्याला म्हाईत असनार, ह्यो ह्या गाडीचा न्हाय. मी त्याला झापला. म्हनलं, आमच्या भाभींना शाफ्टातलं काय कळतंय? मास्यातलं इचार."

जरिनाच्या हातातली गाळणी थांबली. कळतं म्हणावं तर पाप पदरात, कळत नाही म्हणावं तर अडाणी. एवढी वर्षं नवऱ्याच्या हातात पाने-पकडी देऊन तिचे तळवे काळे झाले होते.

"साखर किती घालू?" तिने विचारलं.

"आज दोन चमचं घाला भाभी. आज गोडाचा दिवस हाय."

पांढरी गाडी गेली, आवाज हायवेला लागेपर्यंत ऐकू येत राहिला. इमाम कोठीच्या खोलीत गेला आणि लाल नाड्याचा शाफ्ट घेऊन बाहेर आला. कॉटवर बसला, तो मांडीवर घेतला.

"ह्यो हितंच हाय की."

जरिना कपबशा गोळा करायला लागली.

"तुला म्हाईत व्हतं."

"व्हय."

"रस्त्यात बंद पडल म्हनून दिलास?"

"मग काय करू?" आवाज चढला तिचा. "अब्बांनी मोडकी तुमाला दिली, तुमी हासत घेतली. जे चांगलं ते तिच्याकडं, आन् तुमी निस्तं देत ऱ्हावा. आता लेकीची रुखसत बी तिच्याच गाडीतनं? ती पुढं बसनार आन् मी दारात उभी, पयल्यासारखी? मला न्हाय बगवत. खोटं कशाला बोलू, न्हाय बगवत!"

सिमरन दारात येऊन उभी राहिली होती. "अम्मी, मला कुटल्या बी गाडीतनं चालंल. एसी असली म्हंजी झालं."

"तू गप!" दोघंही एकदम म्हणाली, आणि मग इमामला हसू आलं. जरिनाला नाही आलं.

तो उठला, लिंबाखाली गेला, गाडीच्या बॉनेटवरची कोंबड्यांची विष्ठा फडक्याने पुसली. "सिमरनसाठीच ठिवला व्हता, सिमरनसाठीच उरला. बसवायचा तर बसवू. पन माजी बोटं मिटत न्हायत. रेडिएटर काढायचा, पुढलं झाकन काढायचं. पाना आवळायला हात पायजेत. परवेजला बोलवू का?"

"तिचा मिस्त्री माज्या दारात न्हाय पायजे," जरिना म्हणाली आणि पदर खोचला. "माजं हात हायत."

कोंबड्या बाहेर काढल्या, तेव्हा सिंधुबाईंनी कुंपणावरून हाळी दिली, "काय गं, प्याशिंजरं उतरवली व्हय? आता शिटा वाढीव का?" मग रोज घरचं उरकलं की जरिना लिंबाखाली. इमाम स्टुलावर बसून सांगायचा, ती पाना धरायची. रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुवायची, डावीकडचे एका ताटलीत, उजवीकडचे दुसऱ्या ताटलीत. जुना झिजलेला शाफ्ट तिनेच ओढून काढला. नव्याला तेल लावताना तिने त्याच्यावरचे उंचवटे बोटाने चाचपले. पंपाचा उंचवटा जागेवर होता. शाफ्ट आत सरकताना इमाम सारखा म्हणत राहिला, "हळू, हळू, आतलं बेअरिंग ओरखडंल," आणि ती म्हणाली, "एवढं हळू तर मी लेकीला बी न्हाऊ घातलं न्हाय."

शाफ्ट बसला. अगदी बसला. जरिना कपाळावरचा घाम कोपराने पुसत उभी राहिली आणि तिला जे विचारायचं होतं ते अखेर विचारलं.

"आवाज तिच्यासारका यील का?"

इमाम फडक्याला हात पुसत होता. "कुनासारका?"

"साजियाच्या गाडीसारका. गुरगुरल का तशी?"

"न्हाय."

"का न्हाय? तीच गाडी, तेच इंजिन."

"अगं, तो विलायती शाफ्टाचा आवाज. त्याचं उंचवटं येगळं, व्हॉल्व जास्ती येळ उघडं ऱ्हातं, म्हनून गाडी तशी वढती. आपली साधी चालंल. गपगुमान इंदापूरला जाईल आन् यील. तो आवाज तूच दिलास तिला, सवताच्या हातानं."

जरिना लिंबाच्या खोडाला टेकली. तोंडावर काळं तेल. बराच वेळ ती पांढऱ्या गाडीच्या वाटेकडे बघत राहिली, जणू आवाज अजून येतोय.

"परत मागता यील का?" ती म्हणाली. "म्हनलं, चुकून गेला म्हनू. ह्यो घे तुजा, आन् त्यो दे."

इमाम इतका हसला की त्याला खोकला लागला. सिमरनने पाणी आणून दिलं.

"हासू नगा. मी खरंच इचारतीया."

"म्हाईत हाय. म्हनून तर हासतोय." त्याने तांब्या खाली ठेवला. मग शाफ्टाला फिरवणारी टायमिंगची साखळी उचलून तिच्यापुढे धरली. मधोमध ती पोटासारखी लोंबत होती. "ही बग. सैल झालीया. ह्या साखळीवर आवाज तर सोडच, गाडी सुरू बी व्हायची न्हाय. नवी पायजे. आन् पुढल्या झाकनातनं तेल गळू नये म्हनून गॅस्केटचा कागद."

जरिनाने साखळी हातात घेतली, वजन बघितलं, नमुन्याला म्हणून पिशवीत टाकली. सकाळच्या पहिल्या एसटीने तिला इंदापूरला जायचं होतं, टायमिंगची साखळी आणि गॅस्केटचा कागद आणायला.